सुपातलं खळं

डोंगराच्या पलीकडे कवडसगाव म्हणून एक गाव होतं आणि त्या गावात भिवराबाई नावाची एक बाई होती. घर साधं, रान बेताचं, नवरा गरीब स्वभावाचा. पण रुखवत करावं तर भिवराबाईनंच, असं आसपासच्या गावांतली माणसं छातीवर हात ठेवून सांगायची.

लग्नात नवरीकडची मंडळी रुखवत मांडतात. कुठं सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, कुठं कुरडयांचं तुळशीवृंदावन. कवडसगावात मात्र रुखवताला एक कायदा होता. लग्न ठरलं की नवरीच्या आईनं घरातलं सामान एका सुपात घालायचं आणि ते सूप ओट्यावर मांडायचं. साऱ्या गावानं येऊन ते पाहायचं. मग रुखवत करायचं ते त्या सुपातल्या सामानाचंच. बाहेरून चिमूटभर साखर आणायची नाही, आणि सुपात पडलेलं काही पुन्हा चुलीकडे न्यायचं नाही. एकदा सूप ओट्यावर गेलं की त्यातलं सगळं रुखवताचं.

या कायद्यानं भल्याभल्या बायकांना रडवलं होतं. भिवराबाईला मात्र त्यानंच मोठं केलं. एका लग्नात सुपात नुसता एक नारळ होता. तिनं त्या नारळाचा हत्ती केला, वर माहूत बसवला, आणि शेंडीच्या धाग्यांची शेपटी अशी जमवली, की वरबापानं बसल्याबसल्या माशा हाकायला तीच उचलली. दुसऱ्या एका लग्नात तिनं पापडांचं देऊळ उभं केलं. त्याचं दार इतकं बारीक होतं की मुंगीलाही वाकून आत जावं लागे. आत गेलेल्या मुंग्या बाहेर येताना प्रदक्षिणा घालूनच घरी जात, असं पाहणारे सांगतात. तिच्या साखरेच्या पोपटापुढे एका पाहुण्यानं हौसेनं मिरची ठेवली. सकाळी मिरची नव्हती. पाहुणा मरेपर्यंत त्या पोपटाचंच नाव घेत होता.

कौतुक पचवायला मोठं पोट लागतं. भिवराबाईचं पोट तेवढं नव्हतं. हळूहळू तिला एक खोड लागली. कुणाच्या सुपात दोन नारळ दिसले, की सूप ओट्यावर जाण्याआधीच ती म्हणायची, "एक काढून ठेवा. भरल्या सुपातून कुणीही करील." लोक थक्क व्हायचे. पुढं पुढं तिला सामान जास्त दिसलं की रागच यायचा. थोडक्यातून पुष्कळ केल्याचं जे 'वा!' कानांवर पडायचं, त्याची चव तिला गुळाहून गोड लागायला लागली.

अशात दुष्काळ पडला.

पहिल्या साली विहिरी आटल्या, दुसऱ्या साली माणसं. लोक तांदुळजा उपटून खाऊ लागले, तांदुळजा संपल्यावर नाव नसलेलं गवत खाऊ लागले. तरी लग्नं काही थांबली नाहीत. सुपं ओट्यावर येतच राहिली, फक्त त्यांत काही नसायचं. मूठभर कोंडा. चार चिंचोके. एखाद्या सुपात नुसती सुपाचीच सावली. आणि भिवराबाई त्या कोंड्याचा मोर करायची, चिंचोक्यांची पालखी करायची. उपाशी माणसं मोराभोवती उभी राहून म्हणायची, "वा!" पोटात काही नसलं की तोंडातून वा फार लांब निघतो.

तिची जाऊ धुरपदा एकदा म्हणालीच, "भिवरे, दुष्काळ तुला मानवला गं!"

भिवराबाईनं रागावल्यासारखं केलं, पण मनातून तिला ते खोटं वाटलं नाही. कमी खाऊन तिची बोटं बारीक झाली होती, आणि बारीक बोटांनी काम जास्त बारीक होतं हे तिच्या ध्यानात आलं होतं.

मग तिच्याच घरात लग्न निघालं. तिची एकुलती एक लेक गोदा.

गोदाचं लग्न सुकाळातच ठरलेलं होतं, पलीकडच्या गावच्या मथुराबाईच्या मुलाशी. मथुराबाई विचारी बाई. तिनं माणसाकरवी निरोप धाडला: "विहीणबाईंना सांगा, यंदा रुखवत नको. रिकामं सूप ओट्यावर ठेवा, आम्ही ते भरलेलं मानू. पोरगी तेवढी धड ठेवा."

निरोप आणणारा माणूस चांगल्या मनानं बोलला होता. पण भिवराबाईच्या कानांत तो सुईसारखा गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींची रुखवतं केली, आणि स्वतःच्या लेकीच्या लग्नात ओट्यावर रिकामं सूप? पाहणारे म्हणतील, भिवराबाईचा हात गेला. नाहीतर म्हणतील, तिला दुसऱ्याच्याच घरात सुचतं.

तिनं घर धुंडाळलं. फडताळात गुळाचा एक खडा होता. आढ्याला बाभळीचा डिंक बांधलेला होता. दोऱ्याची एक गुंडी होती, थोडा कडबा होता. एवढ्यातून गुळाची एक गाय झाली असती, फार तर वासरू. भिवराबाईला वासराचं रुखवत करायचं नव्हतं.

घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक मडकं होतं. त्यात ज्वारीचं बियाणं होतं. दोन सालं उपाशी राहून सोनबानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ते राखलं होतं. मडक्याचं तोंड शेणानं लिंपून त्यावर अंगठा उमटवला होता. पाऊस आला की त्यातच सगळं रान पेरून निघणार होतं. ते मडकं आहे म्हणून घर अजून गावात होतं, नाहीतर कधीच उठून गेलं असतं.

सोनबा गुरं घेऊन नदीच्या डोहाकडे गेला होता. भिवराबाई मडक्यासमोर बसली. थोडा वेळ तिनं नुसतं पाहिलं. मग सोनबाच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. लिंपण खपलीसारखं निघालं.

दाणे टपोरे होते. मोत्यांसारखे. मडक्याच्या तोंडाशी चिंधीत मोरचुदाचा निळा खडा बांधलेला होता. कणसांवर काणी रोग पडू नये म्हणून पेरणीच्या वेळी बियाण्याला चोळायला सोनबानं तो ठेवला होता. तिनं दाणे, गूळ, डिंक, दोरा, कडबा सगळं सुपात घातलं आणि तोही टाकला. कुठंतरी रंगाला होईल.

सोनबा परत आला तेव्हा सूप ओट्यावर होतं आणि गल्ली माणसांनी भरली होती. दुष्काळात एवढी ज्वारी एका जागी कुणी पाहिली नव्हती. लोक सुपाकडे देवाकडे पाहावं तसे पाहत होते.

सोनबानं सूप ओळखलं, दाणे ओळखले. तो हळूच म्हणाला, "अगं, हे पुढल्या सालचं जेवण आहे."

"पुढल्या सालचं पुढल्या साली," भिवराबाई म्हणाली. "पाऊस पडला की चार घरं मूठ मूठ देतील."

"कोण देईल? ज्याच्याकडे असेल तो पेरील."

"अहो, लेकीचं लग्न आहे. माणसं बघतायत."

माणसं खरंच बघत होती. सोनबानं सुपाला हात लावला. त्यानं ते उचलून घरात नेलं असतं, तर गावचा कायदा मोडला असता आणि घर वाचलं असतं. पण तो गरीब स्वभावाचा होता. गरीब स्वभाव चांगला म्हणतात, पण तो प्रत्येक वेळी घरच्यांच्या कामाला येतोच असं नाही. त्यानं हात काढून घेतला आणि गुरं बांधायला गेला.

भिवराबाईनं ठरवलं, करायचं तर भरलेलं खळं करायचं. सुगीतलं खळं, जसं कवडसगावानं दोन सालांत पाहिलं नव्हतं. मध्ये तिवडा, म्हणजे मळणीचा खांब, रोवलेला, तिवड्याभोवती बैलांची पात फिरते आहे, एका बाजूला दाण्यांची रास, मागं उभं रान, कणसं वाऱ्यानं एका अंगाला झुकलेली. आणि सगळं एका सुपाच्या आत.

तिनं दाणे कोमट पाण्यात भिजवले, म्हणजे टोचताना फुटणार नाहीत. एकेक दाणा सुईनं टोचून दोऱ्यात ओवला आणि दोरा डिंकानं ताठ करून कणीस केलं. कडब्याची बारीक चोय सोलून कणसांखालची उभी ताटं केली. थोडे दाणे दळून त्यांचं पीठ गुळात मळलं आणि बैल केले. बैलांना वशिंडं केली, शिंगं केली, एक बैल किंचित लंगडा केला, कारण खळ्यावर एखादा बैल नेहमी लंगडतो. पाहणाऱ्यांना वाटे, आता हा बैल पाय उचलणार. धुरपदा तर म्हणाली, तिनं बैलाचा श्वास ऐकला. पण धुरपदेनं त्या दिवशी पाला सोडून काहीच खाल्लेलं नव्हतं. तशा पोटानं माणूस पुष्कळ ऐकतो.

गोदा हे सगळं दारातून पाहायची. नवरी मुलगी, पण अंगावर हळद बसायला जागा नव्हती. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या आणि तिथून घसरून पुन्हा मनगटाशी यायच्या.

"आई," एकदा ती म्हणाली, "त्यातलं मूठभर शिजव ना. मी कुणाला सांगणार नाही."

"सुपातलं आहे ते बाळा. सुपातलं चुलीवर जात नाही."

"बरं," गोदा म्हणाली. मग सुपाकडे पाहत म्हणाली, "बैल छान झालेत."

भिवराबाईला बरं वाटलं. लेकीला कामाची पारख आहे, असं तिच्या मनात आलं. लेक काय मागत होती, ते मनात फार वेळ राहिलं नाही.

दोन दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की रास खचते आहे. पुढून भरलेली दिसायची, पण मागून पोखरल्यासारखी. तिनं पुन्हा भरली, पुन्हा खचली. मागच्या बाजूच्या एका कणसाचा शेंडाही गेला होता. उंदीर असणार. एका दुपारी पाणी आणायला जाते म्हणून ती घागर घेऊन निघाली आणि परसातून वळून खिडकीशी येऊन उभी राहिली.

सुपापाशी गोदा उकिडवी बसली होती. ती शोभा मोडत नव्हती. मागच्या बाजूनं, पाहणाऱ्याला दिसणार नाही अशा ठिकाणचे दाणे ती नखानं एकेक करून उचलत होती. एकेक दाणा बराच वेळ चघळायची. मग बोटाला लागलेला डिंक चाटायची. मग रास हातानं पुन्हा नीट करून ठेवायची, आईच्या मेहनतीला धक्का लागू नये म्हणून.

त्या घडीला भिवराबाईनं ती रास उचलून चुलीवर ठेवली असती, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि कुणी कुणाला सांगितलीही नसती. मुलीला जेवायला घातल्याच्या गोष्टी होत नाहीत.

पण तिची नजर त्या कणसाच्या तुटलेल्या शेंड्यावर गेली. तिथंच तिचं मन अडकलं. लग्नापर्यंत असं चाललं तर काय उरणार?

तिनं घागर खाली ठेवली. मोरचुदाचा खडा खलात घालून कुटला, पाण्यात कालवला, आणि सगळ्या खळ्यावर त्याचा हात फिरवला. कणसांवर, राशीवर, बैलांवर. उंदरांसाठी, ती स्वतःशी म्हणाली. आपण खिडकीतून काय पाहिलं, हे तिनं स्वतःला सांगितलं नाही.

आणि काय सांगावं, त्या विषानं रुखवताचं रूप उजळलं. कडब्याची सुकी पानं हिरवट दिसू लागली. दाण्यांवर पहाटेच्या दवासारखी निळसर झाक आली. कुणालाही वाटावं, कालच पाऊस पडून गेला आहे.

मग तिनं गोदाला हाक मारली आणि सुपाकडे बोट केलं. "याला आता हात लावायचा नाही. मोरचूद लावलाय. खाल्लं तर जीव जाईल."

गोदानं आईकडे पाहिलं. आईला कळलंय, हे तिला कळलं. ती एवढंच म्हणाली, "बरं."

लग्नाचा दिवस उजाडला. लग्नाला सात गावांची माणसं आली, ती काही जेवायला नव्हे. मांडवात रुखवत मांडलं आणि गर्दीतून एक असा आवाज निघाला, की गोठ्यातल्या गुरांनी माना वर केल्या. म्हातारी माणसं खळ्याभोवती बसून रडली. एकानं तर त्या वीतभर रानाच्या बांधावर पागोटं काढून ठेवलं. कुणी म्हणालं, असं रुखवत झालं नाही आणि होणार नाही. भिवराबाई पदर सावरत उभी होती. एवढं सुख तिनं कधी भोगलं नव्हतं.

मथुराबाईही बराच वेळ पाहत राहिली. मग ती म्हणाली, "विहीणबाई, कसब आहे खरं तुमच्या हाताला. मी नको म्हटलं होतं, पण आता म्हणते, बरं केलंत. असं करू या. सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं, आता हे मोडू. दाणे शिजवू. दोन्हीकडच्या माणसांच्या मुखात घास घास पडेल. रुखवत म्हणजे तरी काय हो, नवऱ्याकडच्यांना घातलेलं जेवणच ना! पहिला घास माझ्या सुनेला."

असं म्हणून तिनं गुळाच्या बैलाचं एक शिंग मोडलं आणि गोदाच्या तोंडाशी नेलं.

भिवराबाईला ओरडायचं कळत होतं, पण ओरडायचं म्हणजे सांगायचं. तेवढ्यात गोदाच मागं सरकली.

"नको सासूबाई," ती म्हणाली. "त्यात विष आहे. आईनं सांगितलंय मला."

मथुराबाईनं शिंग खाली ठेवलं, बोटं पदराला पुसली.

"विष? कशाला?"

"उंदरांसाठी," भिवराबाई म्हणाली.

"उंदरांसाठी." मथुराबाईनं गोदाकडे पाहिलं. तिची गळ्याची हाडं पाहिली, कोपरातल्या बांगड्या पाहिल्या. "आमच्या गावातले उंदीर तर गेल्या सालीच गेले, विहीणबाई. दाण्यावाचून उंदीर राहत नाही. माणूस राहतो."

लग्न लागलं. अक्षता म्हणून बाभळीची पानं टाकली. रीतीप्रमाणे रुखवत नवरीबरोबर सासरी जातं. मथुराबाईनं गोदाला बैलगाडीत बसवलं, तिच्या अंगाभोवती आपली घोंगडी गुंडाळली आणि गाडी हाकायला सांगितली. सूप मांडवातच राहिलं. गोदानं वळून पाहिलं ते बापाकडे.

त्या साली पाऊस आला. उशिरा आला, पण पेरणीजोगा आला. गावात ज्यांनी ज्यांनी मूठभर बी राखलं होतं, त्यांनी ते पेरलं. सोनबानं कुणाकडे मागितलं नाही. मागण्यासारखं कुणाकडे काही दिसत नव्हतं. तो घरात आला, मांडवातून आत आणलेल्या सुपातल्या राशीचे मूठभर दाणे काढून पुन्हा पुन्हा धुतले आणि रुजतात का पाहायला ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. रोज त्यावर पाणी शिंपडलं.

भिवराबाईनं विचारलं, "रुजेल ना हो?"

सोनबानं एके दिवशी गोणपाट उघडून तिच्यापुढे धरलं. एकाही दाण्याला मोड नव्हता. दाणे काळे पडले होते आणि त्यांना वास सुटला होता. कणसांतल्या दाण्यांना तर सुईची भोकंच होती.

तो चिडला नाही. त्यानं पेरणीची पाभर खांद्यावर घेतली, ती धुरपदेच्या दारात नेऊन ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, तुम्हाला होईल." मग घराला कडी लावून दोघं गाव सोडून निघाली. रुखवत न्यायचा प्रश्न नव्हता. ते खाता येत नव्हतं, पेरता येत नव्हतं. ते आत राहिलं, खिडकीसमोर, भरलेल्या कणसांसकट.

शिवेवर त्यांना परगावची मंडळी भेटली. पायी आली होती, चेहऱ्यावर हौस होती.

"बाई," त्यातला एक म्हणाला, "कवडसगाव हेच ना? एका सुपात भरलेलं खळं केलंय म्हणे कुणीतरी. कुठल्या घरात आहे?"

भिवराबाईनं बोटानं घर दाखवलं. "दाराला कडी आहे. खिडकीतून दिसेल."

"आणि केलं कुणी हो ते?"

भिवराबाईनं आपल्या बोटांकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या प्रश्नासाठी ती जगली, तो प्रश्न समोर उभा होता.

"ठाऊक नाही," ती म्हणाली आणि डोक्यावरचं बोचकं सावरून नवऱ्याच्या मागं चालू लागली. पाठीमागून, खिडकीपाशी पोचलेल्या माणसांचा एक लांबलचक 'वा!' तिला बराच वेळ ऐकू येत राहिला.

तात्पर्य: थोडक्यातून पुष्कळ उभं करणं ही मोठी विद्या आहे, पण हात लावण्याआधी ते थोडकं कुणाच्या तोंडचं आहे हे पाहावं, नाहीतर जग वाहवा करतं आणि घर उपाशी राहतं.